बेंगळुरूचा भुईकोट

कृष्णराजेंद्र मार्केटच्या चौकात पहाटेपासून फुलांच्या राशी पडतात, भाजीचे ट्रक रिकामे होतात आणि उड्डाणपुलाखाली बसगाड्यांची रांग लागते. या गजबजाटाच्या दक्षिण अंगाला, रस्त्याच्या कडेला, काळसर करड्या दगडाचा एक उंच दरवाजा आणि दोन-तीन बुरूज उभे आहेत. बसच्या खिडकीतून ते रोज हजारो माणसांना दिसतात. उतरून आत जाणारे थोडे. शिवनेरी, सिंहगड, प्रतापगड, रायगड ही नावे बेंगळुरूच्या मराठी घरांतील मुलांना तोंडपाठ असतात. परंतु ज्या किल्ल्याच्या आश्रयाने भोसल्यांचे घराणे जवळजवळ अर्धशतक नांदले, तो आपल्याच गावात बाजाराला खेटून उभा आहे, हे त्यांतील पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते ते बहुधा असे सांगतात की, हा किल्ला शहाजीराजांनी बांधला. ते खरे नाही. या किल्ल्याचा इतिहास त्याहून जुना व अधिक गुंतागुंतीचा आहे. मराठी माणूस त्यात कधी तटाच्या आत आहे, तर कधी तटाबाहेर वेढा घालून बसला आहे.

आरंभ गावाच्या नावापासून करणे बरे. होयसळ राजा वीर बल्लाळ शिकारीत वाट चुकला, एका म्हातारीने त्याला उकडलेल्या शेंगांचे दाणे खाऊ घातले आणि त्यावरून ‘बेंदकाळूरु’ म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव असे नाव पडले, ही कथा येथील प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. कथा गोड आहे. पण दगड तिच्या बाजूने साक्ष देत नाही. शहराच्या दक्षिणेस बेगूर येथील नागेश्वर मंदिरात इसवी सन ८९० च्या सुमाराचा, जुन्या कानडीतील एक वीरगळ आहे. गंगराजांचा सरदार नागत्तर याच्या पदरचा बुट्टणशेट्टी ‘बेंगळुरूच्या लढाईत’ पडला, असे त्यावर कोरले आहे. वीर बल्लाळ झाला त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी. म्हणजे म्हातारीने राजाला दाणे देण्यापूर्वी कितीतरी आधी हे नाव प्रचारात होते आणि त्या नावाच्या गावासाठी माणसे मरत होती. या शहराचा पहिला लिखित उल्लेखच एका लढाईचा आहे.

त्या लढाईच्या काळी येथे तटबंदी होती की नव्हती, हे वीरगळ सांगत नाही. कोट उभा राहिला तो त्यानंतर साडेसहाशे वर्षांनी. येलहंका येथील नाडप्रभू केंपेगौडा हा विजयनगरच्या अच्युतरायाचा मांडलिक. इसवी सन १५३७ मध्ये त्याने मातीचा कोट आणि त्याच्या आत पेठ वसवली. हेब्बाळ-कोडिगेहळ्ळीच्या बाजूस ‘हळे बेंगळुरू’, म्हणजे जुने बेंगळुरू, नावाची एक वाडी होती. तिचे नाव त्याने आपल्या नव्या गावास दिले, असे मानतात. चार नांगरांना पांढरे बैल जुंपून, एका मध्यबिंदूपासून चार दिशांना नांगरट करीत नेली आणि त्या रेघांवर रस्ते आखले, अशी परंपरा आहे. दक्षिणोत्तर जाणारी दोड्डपेटे आणि पूर्वपश्चिम जाणारी चिक्कपेटे हे ते दोन मुख्य रस्ते. आजचा अव्हेन्यू रोड म्हणजे जुनी दोड्डपेटे. सणासुदीला साड्या घ्यायला चिकपेटला जाणारी कुटुंबे साडेचारशे वर्षांपूर्वीच्या नांगराच्या तासावरून चालत असतात. हलसूर, येलहंका, केंगेरी, आनेकल अशा गावांच्या दिशेने वेशी काढल्या होत्या आणि त्या त्या गावांची नावे त्या वेशींना दिली होती. पेठांतून कारागिरांना आणि व्यापाऱ्यांना धंद्यांप्रमाणे जागा मिळाल्या. कापूस, तांदूळ, रागी, बांगड्या, कुंभारकाम यांच्या पेठांची नावे आजही त्या गल्ल्यांवर आहेत.

कोट बांधताना महाद्वार वारंवार कोसळू लागले, तेव्हा केंपेगौडाची गरोदर सून लक्ष्मम्मा हिने रात्री एकटीने जाऊन आपले बलिदान दिले, अशीही कथा सांगतात. कोरमंगल येथे तिचे देऊळ आहे. अशा कथा महाराष्ट्रातील किल्ल्यांभोवतीही आहेत. इतिहास म्हणून त्यांवर विसंबता येत नाही. परंतु मातीचे भारी बांधकाम ढासळणे ही अगदी घडणारी गोष्ट आहे. त्या भीतीची आठवण या कथेत राहिली असावी.

मातीचा कोट म्हटले की, सह्याद्रीतील कातळकड्यांवर वाढलेल्या मराठी मनाला तो कमअस्सल वाटतो. तसे मानण्याचे कारण नाही. पठारी मुलखात डोंगर नसतो. तेथे माणसाने खणलेला खंदक आणि त्याच मातीचा रचलेला तट हाच डोंगर. महाराष्ट्रातही परांडा, सोलापूर, अहमदनगर असे बळकट भुईकोट आहेत आणि चाकणचा लहानसा भुईकोट फिरंगोजी नरसाळा यांनी १६६० मध्ये शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे जवळजवळ दोन महिने लढवला होता. जगात अन्यत्रही हेच दिसते. बेगूरचा बुट्टणशेट्टी पडला त्याच सुमारास इंग्लंडात वेसेक्सचा सॅक्सन राजा आल्फ्रेड (कारकीर्द ८७१ ते ८९९) डेन लोकांच्या स्वाऱ्यांनी जेरीस आला होता. त्याने आणि त्याच्या मुलाने राज्यभर तीसएक तटबंदीची ठाणी उभारली. त्यांना त्यांच्या भाषेत ‘बुर्ह’ म्हणत. इंग्रजी गावांच्या नावांअखेर येणारे ‘बरो’ आणि ‘बरी’ ते हेच. वेअरहॅम आणि वॉलिंगफर्ड या गावांभोवतीचे त्या काळचे मातीचे बांध हजार वर्षांहून अधिक काळ टिकून आजही पाहावयास मिळतात. वेअरहॅममध्ये चार दिशांचे चार रस्ते मध्यभागी एकमेकांना छेदतात. बांधाच्या आत बाजार, टांकसाळ, वस्ती, बाहेर खंदक.

त्या ठाण्यांची एक जुनी यादी उपलब्ध आहे व तिचा हिशेब गणिताच्या शिक्षकांना आवडेल असा आहे. एका कुटुंबाच्या निर्वाहास पुरेल एवढ्या जमिनीमागे एक माणूस द्यायचा, आणि तटाच्या साडेपाच यार्डांना चार माणसे लावायची. वेअरहॅमच्या वाट्याला अशा १६०० जमिनी होत्या. म्हणजे १६०० माणसे, म्हणजे २२०० यार्ड तट. प्रत्यक्ष बांध मोजला तर तो जवळजवळ तेवढाच भरतो. तट राखण्याचा भार आसपासच्या शेतकऱ्यांवर आणि तटाचे रक्षण त्यांच्या बाजाराला, ही ती व्यवस्था होती. केंपेगौडाची ‘पेटे’ आणि आल्फ्रेडचे ‘बुर्ह’ यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. मध्ये सहाशे वर्षे आणि सात समुद्र आहेत. परंतु सैन्याच्या तळासाठी नव्हे तर बाजारासाठी कोट, ही कल्पना दोन्हीकडे सारखी आहे आणि बेंगळुरू पुढे टिकले ते तिच्यामुळेच. राजे बदलले, झेंडे बदलले, पण पेठ बसली ती उठली नाही.

शहराच्या चार अंगांना लालबागच्या खडकावर, केंपांबुधी तलावाजवळ, हलसूरच्या तलावाकाठी आणि मेख्री सर्कलजवळ जे चार लहान मनोरे आहेत, ते केंपेगौडाचे म्हणून दाखवतात. बहुतेक अभ्यासक ते त्याच्या मुलाच्या काळचे मानतात. टेहळणीसाठी बांधलेले हे मनोरे शहराच्या वाढीची सीमा होत, अशी समजूत होती. ती सीमा शहराने केव्हाच ओलांडली. लालबागचा मनोरा आता शहराच्या ऐन मध्यात आला आहे.

इसवी सन १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशहाचा सेनापती रणदुल्लाखान कर्नाटकात उतरला. त्याच्या बरोबर शहाजीराजे भोसले होते. निजामशाही वाचविण्याचा त्यांचा दीर्घ प्रयत्न दोनच वर्षांपूर्वी संपुष्टात आला होता आणि तहाच्या अटींनुसार त्यांना आदिलशाहीच्या चाकरीत यावे लागले होते. बेंगळुरूचा कोट केंपेगौडाच्या वंशजाकडून घेण्यात आला. त्या घराण्याकडे मागडीचा मुलूख राहिला. बेंगळुरू शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले व तेच त्यांच्या वास्तव्याचे ठिकाण झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जिंकलेल्या पाळेगारांना समूळ उखडण्याऐवजी त्यांना आपापल्या ठिकाणी राखून त्यांच्याकडून खंडणी घ्यावी, हे धोरण शहाजीराजांनी पुष्कळ प्रमाणात चालविले. पुण्याची जहागीर मुलुखगिरीने कशी बेचिराख होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्या अनुभवाचा या धोरणाशी संबंध असावा असे मानण्यास जागा आहे.

१६४० च्या सुमारास जिजाबाई आणि दहा वर्षांचे शिवाजीराजे बेंगळुरूस आले आणि सुमारे दोन वर्षे येथे राहिले. या दोन वर्षांविषयी पुढील लेखकांनी कल्पनेचे पुष्कळ मनोरे रचले आहेत. निश्चित एवढेच म्हणता येते की, वडिलांचा भरभराटीचा दरबार, नाना भाषा बोलणारी माणसे, विजयनगरच्या वैभवाच्या ताज्या आठवणी आणि मातीच्या तटाआड चाललेला मोठा बाजार, हे सारे त्या मुलाने जाणत्या वयाच्या उंबरठ्यावर पाहिले. १६४२ च्या सुमारास त्यांची पुण्याकडे रवानगी झाली, तेव्हा शहाजीराजांनी सोबत श्यामराव नीळकंठ पेशवे, बाळकृष्णपंत मुजुमदार, सोनोपंत डबीर आणि रघुनाथ बल्लाळ सबनीस हे कारभारी दिले, असे सभासद बखर सांगते. पुण्याच्या कारभाराची पहिली घडी ज्यांनी बसवली, त्यांची ओळख शिवाजीराजांना झाली ती बेंगळुरूच्या या कोटात. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत लाल महालाचे चित्र असते. बेंगळुरूला मात्र एक ओळ मिळते.

शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात केले आहे. हा कवी बारा भाषांत रचना करीत असे आणि त्यांत कानडीही होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हे काव्य विस्तृत प्रस्तावनेसह १९२२ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा शहाजीराजे म्हणजे केवळ शिवाजीमहाराजांचे पिता ही समजूत बदलण्यास मोठी मदत झाली. मराठी बोलणारा राजा, फारसीत चालणारी वरिष्ठ दरबाराची लिखापढी, कानडी रयत, संस्कृत काव्य, तेलुगू व तमिळ मुलखांकडे जाणारे व्यापारी मार्ग असे ते बेंगळुरू होते. ते आजच्या बेंगळुरूसारखेच वाटले तर नवल नाही.

या कोटाची खरी कसोटी १६४८ मध्ये लागली. त्या वर्षी २५ जुलैस जिंजीजवळच्या छावणीत शहाजीराजांना दग्याने कैद करण्यात आले. विजापूरने लगोलग दोन फौजा दोन मुलांवर पाठविल्या. पुण्याकडे शिवाजीराजांवर फत्तेखान आला. बेंगळुरूवर थोरले बंधू संभाजीराजे यांच्याविरुद्ध फरहादखान चालून आला. पुरंदरच्या पायथ्याशी शिवाजीराजांनी फत्तेखानास पिटाळले, तो प्रसंग मराठी मुलांना पाठ असतो. त्याच वेळी शेकडो मैल दक्षिणेस, डोंगराचा आधार नसलेल्या या भुईकोटातून थोरल्या भावानेही आदिलशाही फौज परतविली, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. बाप कैदेत, दोन भाऊ दोन किल्ल्यांत, आणि निरोप पोचायला कित्येक दिवस लागणारे अंतर! अखेर शहाजीराजांच्या सुटकेसाठी शिवाजीराजांना कोंढाणा आणि संभाजीराजांना बेंगळुरू सोडून द्यावे लागले. १६ मे १६४९ रोजी शहाजीराजे मुक्त झाले. लढून राखलेला किल्ला वडिलांसाठी तहात देणे दोन्ही भावांच्या वाट्यास आले. कोंढाण्याची किंमत काय होती हे सर्वांना माहीत आहे. बेंगळुरू त्याच तराजूत दुसऱ्या पारड्यात ठेवण्याइतके मोलाचे होते, एवढे यावरून कळते. पुढे बेंगळुरू पुन्हा शहाजीराजांकडे आले. संभाजीराजे काही वर्षांनी कनकगिरीच्या वेढ्यात पडले. शहाजीराजांचा अंत २३ जानेवारी १६६४ रोजी चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून झाला. त्यांची समाधी तेथे आहे.

त्यानंतर बेंगळुरू एकोजीराजांकडे, म्हणजे व्यंकोजीराजांकडे, राहिले. १६७० नंतरच्या दशकात त्यांनी तंजावर घेतले आणि त्यांचे लक्ष तिकडे वळले. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, शिवाजीमहाराज आणि एकोजीराजे यांच्यात वडिलार्जित मुलखावरून वितुष्ट आले व अखेर समेट झाला. त्या समेटाच्या कलमांत बेंगळुरू व आसपासची ठाणी महाराजांनी आपली भावजय दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिल्याचा उल्लेख येतो. दोन दिरा-भावांचे भांडण मिटविण्यात त्या बाईंच्या शहाणपणाचा वाटा होता, असे बखरी सांगतात. एक सबंध शहर भावजयीच्या चोळीबांगडीच्या नावे लिहून देण्यात राजकारण होते यात शंका नाही. पण त्या राजकारणाला घरातील नात्याचे शब्द सापडले, हे मराठी वाचकास विशेष वाटेल.

तंजावरहून बेंगळुरू राखणे एकोजीराजांना परवडेना. म्हैसूरचे चिक्कदेवराज वडेयर यांच्याशी तीन लाखांना सौदा ठरत असतानाच जुलै १६८७ मध्ये औरंगजेबाचा सरदार कासीमखान याने शहर घेतले आणि पुढे मोगलांकडूनच ते म्हैसूरकरांकडे गेले. अशा रीतीने भोसल्यांची एकोणपन्नास वर्षांची सत्ता येथून उठली. चिक्कदेवराजांनी पेठेच्या दक्षिणेस लंबगोल आकाराचा नवा मातीचा कोट रचला आणि त्यात कोटे वेंकटरमणाचे देऊळ बांधले. देऊळ आजही पूजेत आहे. आज मार्केटजवळ दिसतो तो किल्ला या दक्षिणेकडील कोटाच्या जागेवरचा आहे, केंपेगौडाच्या पेठेच्या तटाचा नव्हे. हा भेद पर्यटनाच्या पाट्यांवर बहुधा पुसला जातो.

यापुढे मराठी माणूस तटाबाहेर दिसू लागतो. १७५८-५९ मध्ये पेशव्यांचे सरदार गोपाळराव पटवर्धन यांनी थकलेल्या खंडणीसाठी म्हैसूरवर स्वारी केली, बेंगळुरूस वेढा घातला आणि चन्नपट्टण घेतले. त्यांच्याशी झुंजून मोठी रक्कम ठरवून माघार घ्यायला लावणारा अधिकारी म्हणजे हैदरअली. याच सुमारास बेंगळुरूचा किल्ला त्याला जहागीर मिळाला. दोन वर्षांतच ती जहागीर त्याच्या प्राणावर उपकार करणार होती. १७६० च्या ऑगस्टात, त्याचाच जुना कारभारी खंडेराव याने राजाच्या व विसाजी कृष्ण बिनीवाले यांच्या मराठी फौजेच्या साहाय्याने श्रीरंगपट्टणात त्याला कोंडले. हैदर रात्री नदी ओलांडून निसटला आणि आनेकलमार्गे घोडदौड करीत बेंगळुरूच्या कोटात शिरला. कुटुंब आणि खजिना मागे राहिले, पण किल्ला हाती होता. पानिपतच्या संकटाने पेशव्यांचे लक्ष उत्तरेकडे ओढले गेले; पैसे घेऊन मराठी फौज परतली आणि हैदर पुन्हा उभा राहिला. खंडेरावाला ‘पोपटासारखे जपीन’ असे वचन देऊन त्याने ताब्यात घेतले आणि मग खरोखरच पिंजऱ्यात ठेवून दूधभात खाऊ घातला, अशी कथा प्रसिद्ध आहे. तो पिंजरा बेंगळुरूतच होता, असे सांगतात.

ज्या १७६१ मध्ये पानिपत झाले, त्याच वर्षी हैदरने मातीच्या कोटास दगडी रूप देण्याचे काम हाती घेतले. कोटाचा घेर सुमारे एक मैल, सव्वीस बुरूज, भोवती खोल खंदक. दक्षिणेस म्हैसूर दरवाजा, उत्तरेस पेठेकडे तोंड केलेला दिल्ली दरवाजा. पेठेला स्वतंत्र मातीचा तट आणि त्याबाहेर काटेरी झाडांचे व बांबूचे दाट कुंपण होते. घोडदळास दगडी भिंतीइतकाच त्या काटेरी बनाचा धाक असे. किल्ल्यात हैदरने सागवानी खांबांचा दुमजली वाडा बांधण्यास घेतला. १७९१ मध्ये टिपूच्या काळात तो पुरा झाला.

तो पुरा झाला त्याच वर्षी किल्ला पडला. लॉर्ड कॉर्नवॉलिसने ७ मार्च १७९१ रोजी पेठ घेतली. तोफांनी तटास खिंडार पाडून, २१ मार्चच्या चांदण्या रात्री इंग्रज सैन्य आत घुसले. वृद्ध किल्लेदार बहादुरखान लढता लढता तेथेच पडला. या युद्धात पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते; मात्र परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज तेव्हा धारवाडच्या वेढ्यात गुंतली होती, त्यामुळे बेंगळुरूच्या हल्ल्यात ती नव्हती. मेमध्ये श्रीरंगपट्टणापर्यंत जाऊन, अन्न संपल्याने, आपल्या जड तोफा स्वतःच नष्ट करून माघारी फिरलेल्या कॉर्नवॉलिसला वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ भेटले. त्यांच्या छावणीच्या बाजारात धान्यापासून काश्मिरी शालींपर्यंत सर्व काही विकत मिळत होते. भुकेल्या इंग्रज शिपायांनी चढ्या भावाने का होईना, पण त्या बाजारातून पोटे भरली. इंग्रजांबरोबर मिळून टिपूला खाली आणणे पुण्याच्या दरबारास त्या वेळी शहाणपणाचे वाटले. सत्तावीस वर्षांनी शनिवारवाड्यावर कोणाचे निशाण होते, हे आठवले म्हणजे त्या शहाणपणाचे मोल कळते.

तहानंतर बेंगळुरू टिपूला परत मिळाले. इंग्रजांच्या तोफांपुढे हा किल्ला टिकत नाही, असे पाहून त्याने स्वतःच त्याची तटबंदी मोडली. १८०० मध्ये येथून गेलेल्या फ्रान्सिस बुकाननने ती पडक्या स्थितीत पाहिली. दिवाण पूर्णय्यांनी पुढे डागडुजी केली, पण किल्ला म्हणून त्याचे आयुष्य संपले होते. टिपूच्या वाड्यात सरकारी कचेऱ्या भरू लागल्या आणि १८६८ मध्ये त्या अठारा कचेरीत, म्हणजे आजच्या उच्च न्यायालयाच्या इमारतीत, गेल्या. विसाव्या शतकात रस्ते, शाळा, दवाखाने, महाविद्यालय यांना जागा हवी होती. व्हिक्टोरिया रुग्णालय १९०० मध्ये सुरू झाले. पेठ आणि किल्ला यांच्या मधल्या मोकळ्या मैदानात, जेथे पूर्वी लढाया झाल्या, तेथे मार्केट आले. तट एकेक करून उतरविण्यात आला. दगड कोणत्या इमारतींत गेले, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. रुग्णालयासाठी तट पाडला याचे दुःख करीत बसणे योग्य नव्हे. उरलेला बुरूज मात्र कचऱ्याच्या ढिगाआड जाऊ नये, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

आज उभा आहे तो दिल्ली दरवाजा आणि त्याच्या लगतचा थोडासा भाग; भारतीय पुरातत्त्व खात्याकडे त्याचे जतन आहे. दरवाजा एकामागून एक वळणे घेत आत नेतो, म्हणजे हत्तीला वा गर्दीला सरळ धडक देता येऊ नये. कमानींवर गणपती, मोर, पोपट कोरले आहेत. मुसलमान सुलतानाच्या किल्ल्याच्या दारावरील हा गणपती मुलांना अवश्य दाखवावा आणि त्यांचे प्रश्न ऐकावेत. २१ मार्चच्या खिंडाराची जागा सांगणारी इंग्रजी पाटी बाहेरच्या अंगास भिंतीत आहे. बहादुरखानाच्या मृत्यूची तशी पाटी तेथे नाही. २०१२ मध्ये मेट्रोच्या खोदकामात याच परिसरात दोन जुन्या तोफा मिळाल्या, तेव्हा काही दिवस वर्तमानपत्रांतून किल्ला पुन्हा दिसला.

बेंगळुरूतील अनेक मराठी घराण्यांत ‘आम्ही शहाजीराजांबरोबर आलो’ असे सांगितले जाते. काही घराण्यांच्या बाबतीत ते खरे असेलही. पण आरे मराठे, भावसार, नामदेव शिंपी, देशस्थ ब्राह्मण अशी जी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि ज्यांच्या मराठीत कानडी क्रियापदे सहज मिसळली आहेत, ती सर्व एकाच वेळी आली असे नाही. कोणी पेशव्यांच्या स्वाऱ्यांबरोबर आले, कोणी व्यापारासाठी, कोणी म्हैसूर दरबारच्या हिशेबनिशीसाठी. आणि विसाव्या शतकात विमानकारखाना, दूरध्वनी कारखाना, बँका यांतील नोकऱ्यांसाठी आलेल्यांची संख्या कमी नाही. शाळेच्या पटावर या सर्वांची मुले एका बाकावर बसतात. पूर्वज कोणत्या स्वारीतून आले यावरून कोणी अधिक बेंगळुरूकर ठरत नाही.

शहाजीराजांचा वाडा गौरी महाल या नावाने सांगतात. चिकपेटच्या दाट वस्तीत त्याची एक विटही ओळखू येत नाही. त्या घराण्याचा एक दगड मात्र शहरात जागेवर आहे. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाजवळच्या खडकावर १६६९ चा शिलालेख आहे. मल्लपुराच्या मल्लिकार्जुन देवास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव एकोजीराजांनी दान दिल्याची नोंद त्यात आहे. लेख कानडीत आहे.